गाडी सरळ, स्टिअरिंग मात्र वाकडं

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात जोरात आपटलं. गॅरेजने लोअर आर्म आणि टाय रॉड एंड बदलून दिला, अलाइनमेंटही केली. पुढे आठवडाभर काचीगुडा, कोठी, सुलतान बाजार असा फिरलो, पण काही जाणवलं नाही. त्या गर्दीत शंभर मीटर तरी सलग सरळ चालवायला मिळतं कुठे! सोलापूरला निघालो तेव्हा पाटणचेरू मागे पडल्यावर लक्षात आलं की गाडी रेषेत चालली आहे, पण स्टिअरिंग डावीकडे कललेलं आहे. घड्याळात बाराऐवजी साडेअकरा दिसावेत तसं.

परतल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "कुछ नै होता साब, स्टिअरिंग निकाल के सीधा बिठा देते." मी नको म्हटलं. मंडळातल्या आणखी दोघा-तिघांना हेच ऐकायला मिळालं आहे, म्हणून का नको ते जरा सविस्तर लिहितो.

स्टिअरिंगच्या खांबाच्या खालच्या टोकाला रॅक नावाची आडवी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड, आणि तो चाकाला वळवतो. टाय रॉडला आटे असतात, त्यामुळे त्याची लांबी कमी-जास्त करता येते. दोन्ही चाकं पुढच्या बाजूने एकमेकांकडे किती झुकली आहेत, याला टो म्हणतात. आता एका बाजूचा टाय रॉड एंड बदलला आणि अलाइनमेंट करणाऱ्याने सगळी दुरुस्ती एकाच बाजूने केली, तर दोन्ही चाकांचा मिळून टो बरोबर येतो. पण रस्त्यावर गाडी सरळ ठेवायची तर रॅक मध्यापासून थोडा सरकवावा लागतो, आणि त्याबरोबर स्टिअरिंगही कलतं.

आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीची ही चूक आहे. ट्रायल बॅलन्स जुळतो, पण रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असते. इथेही बेरीज बरोबर, म्हणून टायर झिजत नाहीत, आणि म्हणूनच कुणी मनावर घेत नाही.

यावर योग्य दुरुस्ती खालून, टाय रॉडवरच होते. रॅक मध्यावर आणायचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे जेवढे फेरे होतात त्याच्या बरोबर निम्म्यावर. तिथे स्टिअरिंग सरळ दिसलं पाहिजे. मग ते सीटला टेकणाऱ्या होल्डरने पक्कं करायचं आणि डाव्या-उजव्या चाकांचा टो वेगवेगळा मापावर आणायचा. एका बाजूला जेवढं वाढवलं तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी केलं की एकूण टो तसाच राहतो आणि स्टिअरिंग सरळ येतं. शेवटी लॉक नट घट्ट करायचे, आणि फिरवताना रबरी बूट पिळले गेले नाहीत ना, हे बघायचं. एकाच बाजूचे आटे फार बाहेर आलेले दिसले तर मात्र थांबा. एकतर काही वाकलेलं आहे, किंवा टाय रॉड एंडमध्ये पकड अपुरी आहे. तो रस्त्यात निसटला तर चाक आपल्या हातात राहत नाही.

स्टिअरिंग काढून दात बदलून बसवणं म्हणजे चूक झाकणं. रॅक मध्याबाहेरच राहतो, एका बाजूला गाडी कमी वळते. बऱ्याच गाड्यांत तर स्टिअरिंग एकाच जागी बसेल अशीच दात्यांची रचना असते. शिवाय 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती स्टिअरिंगच्या मध्येच असते, आणि तिची तार खालच्या गुंडाळीतून येते. गुंडाळी चुकीच्या फेऱ्यावर बसली तर तार तुटते, हॉर्नही जातो. काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, तो स्कॅनर लावून पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

गॅरेजला जाण्याआधी घरी एवढं तपासा. चारही टायरमधली हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी जराशी डावीकडे जाणारच. म्हणून सकाळी लवकर, सपाट रस्त्यावर बघा. हात हलके ठेवा, सोडू नका, आणि शेजारी बसलेल्याला स्टिअरिंगचा फोटो घ्यायला सांगा. गाडीच एका बाजूला ओढली जात असेल तर तो निराळा आजार: टायर, अडकलेला ब्रेक किंवा चाकाचे दुसरे कोन. थरथरत असेल तर बॅलन्सिंग. काही दुरुस्ती न करता, नुसत्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग अचानक वाकडं झालं तर आधी गाडी उचलून भाग बघून घ्या, अलाइनमेंट नंतर.

चारही चाकं मोजणाऱ्या मशीनवरच जा. मागचा ॲक्सल तिरका असेल तर पुढचं कितीही नीट केलं तरी स्टिअरिंग कलतंच.

मी दुसरीकडे जाऊन होल्डर लावून घेतला. काम अर्ध्या तासाचं होतं. आधीचं आणि नंतरचं माप छापलेला कागद मागून घेतला, तो गाडीच्या सर्व्हिस बुकात लावून ठेवला आहे.