राजनांदगावचा गोल जिना

आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना मुक्तिबोध हे आडनाव अपरिचित नाही. परंतु ते ऐकताच माझ्या पिढीतील अनेकांना प्रथम आठवतात ते शरच्चंद्र मुक्तिबोध. 'नवी मळवाट'चे कवी आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले मराठी समीक्षक. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव हे आधुनिक हिंदी कवितेतील एक युगप्रवर्तक कवी होते, ही जाणीव मला फार उशिरा झाली. ज्या होळकर कॉलेजच्या आवारावरून मी आयुष्यभर ये-जा केली, तेथूनच ते १९३८ साली बी.ए. झाले होते. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका वैद्यकीय परिषदेसाठी नागपूरला गेलो असता, परतीचे आरक्षण दोन दिवस पुढे ढकलून मी राजनांदगावची गाडी धरली. त्या ओढीमागे साहित्याइतकेच वैद्यकाचेही कारण होते.

मुक्तिबोधांचे पूर्वज खानदेशातील जळगावचे; तेथून ते ग्वाल्हेर संस्थानात आले. वडील पोलीस खात्यात. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. वडिलांच्या बदल्यांमागे बालपण फिरले आणि पुढे स्वतःच्या नोकऱ्यांमागे संसार फिरला. उज्जैन, शुजालपूर, जबलपूर, नागपूर! कुठे शिक्षकी, कुठे आकाशवाणी, कुठे पत्रकारिता; आणि सर्वत्र ओढग्रस्त प्रपंच. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी. आपल्यापैकी कितीतरी घरांत हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्यांनी तिचे सोने केले. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापकपद मिळाले आणि वयाच्या चाळिशीत या माणसाला प्रथमच काहीसे स्थैर्य लाभले.

गोंदिया मागे पडले, डोंगरगडची टेकडी आणि तिच्यावरील बमलेश्वरीचे देऊळ खिडकीतून दिसले आणि पुढे थोड्याच वेळात राजनांदगाव आले. तेव्हाचे मध्य प्रदेशातील हे गाव २००० सालापासून छत्तीसगडमध्ये आहे. महाविद्यालय आहे ते जुन्या संस्थानिकांच्या वाड्यात. एका अंगाला राणीसागर, दुसऱ्या अंगाला बूढासागर. या दोन तलावांमधील वास्तूच्या एका भागात मुक्तिबोधांचे बिऱ्हाड होते. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. शहराशी नाते असलेल्या पदुमलाल पुन्नालाल बक्षी आणि बलदेवप्रसाद मिश्र या दोन साहित्यिकांच्या स्मृतीही त्यांच्याबरोबरच जपल्या आहेत. म्हणून त्या स्थळाला 'त्रिवेणी' म्हणतात.

वर जाणारा गोल जिना अरुंद आहे. माझ्या गुडघ्यांनी मध्येच विश्रांती मागितली. वर पोहोचून खिडकीशी उभा राहिलो, तो खाली तलावाचे संथ पाणी. विडी ओढीत, रात्र रात्र जागून कवितेचे खर्ड्यावर खर्डे करणारा हा माणूस याच पाण्याकडे पाहत असेल, असे वाटून गेले. कित्येक वर्षे घोळत राहिलेली 'अँधेरे में' ही दीर्घ कविता त्यांनी या गावी पूर्णत्वास नेली. याच गावी एक कोवळा तरुण आपल्या कविता घेऊन त्यांच्याकडे येत असे. मुक्तिबोधांनी त्या आस्थेने वाचल्या आणि प्रसिद्धीसाठी पुढे पाठविल्या. तो तरुण म्हणजे विनोदकुमार शुक्ल, २०२४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी. दुसऱ्याचे गुण त्यांनी वेळेवर ओळखले. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. प्रथम भोपाळचे हमीदिया रुग्णालय आणि नंतर लेखकमित्रांच्या खटपटीने दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. निदान ट्यूबरक्युलर मेनिंजायटिस. दीर्घ बेशुद्धीनंतर ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. वय अवघे ४६. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यांच्या अंत्ययात्रेपासून आपण पायांत जोडा घालणे सोडले, असे चित्रकार हुसेन सांगत असत.

केसपेपर न पाहता साठ वर्षांपूर्वीच्या रुग्णाविषयी मत देणे आपल्या व्यवसायाला शोभत नाही. ते मी देणार नाही. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड आणि पॅस एवढीच मुख्य आयुधे हाती होती. रिफॅम्पिसिन यायचे होते, सी.टी. स्कॅनही यायचा होता. तरीही त्या खिडकीशी उभा असताना मला राहून राहून एक दुसराच रुग्ण आठवत होता, आणि त्याचा केसपेपर मीच लिहिलेला होता.

व्यवसायाची सुरुवात होती. माळव्यातील एका लहान गावी मी दवाखाना थाटला होता. एक शाळामास्तर डोकेदुखीसाठी आले. अंगात कणकण होती. मी गोळ्या दिल्या. आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा सोबत पत्नी होती. ती संकोचाने म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे हल्ली फार चिडतात हो. मुलांवर कधी आवाज न चढवणारा माणूस, परवा ताट भिरकावलं." मी हसलो. परीक्षेचे दिवस आहेत, म्हणालो आणि झोपेची गोळी लिहून दिली. पाचव्या दिवशी त्यांना बैलगाडीतून आणले तेव्हा एक पापणी मिटलेली होती, मान ताठ होती आणि उजवी बाजू लुळी. शहरात पाठविले, पाठीतले पाणी काढले. साखर उतरलेली, प्रथिने वाढलेली, लिम्फोसाइट्स भरपूर. जीव वाचला. उजवा हात मात्र परत आला नाही. खडूचा हात!

पुस्तकात ते सारे होते. बारीक ताप, डोकेदुखी, स्वभावातील बदल. मग चेतातंतूंवरील आघात, मग गुंगी. पहिल्या पायरीवर उपचार सुरू झाले तर रुग्ण बहुधा सावरतो आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर आशा कमी होत जाते, हे परीक्षेत मी लिहून आलो होतो. परंतु ती बाई लक्षण सांगत होती आणि मला ती गाऱ्हाणे सांगते आहे असे वाटले. आज सी.बी.नॅट आहे, एम.आर.आय. आहे. तरीही पाण्यातील जंतू यंत्राला प्रत्येक वेळी सापडतोच असे नाही, आणि अहवाल 'निगेटिव्ह' आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. मुळात ते पाणी काढण्याचा विचार कोणाच्या तरी मनात यावा लागतो. तो विचार त्या दिवशी मला त्या बाईने देऊ केला होता, आणि मी तो घेतला नाही.

ही गोष्ट मी आजवर कोणत्याही परिषदेत सांगितली नाही. मुक्तिबोधांच्या त्या खोलीत ती सांगावीशी वाटली, कारण माणसाने स्वतःला सूट देऊ नये हाच त्यांच्या साऱ्या लेखनाचा आग्रह आहे. वर्गातील तरुण डॉक्टरांना मी यशस्वी झालेल्या केसेसच शिकवीत आलो.

खाली उतरलो तेव्हा महाविद्यालय सुटत होते. सायकली काढणाऱ्या मुलांपैकी एकाला मी विचारले, "मुक्तिबोध वाचलेत का?" तो लाजून म्हणाला, "कोर्स में हैं, सर." मीही त्याच्याच रांगेतला होतो. मुक्तिबोध माझ्याच शहरात शिकले, माझीच मायबोली बोलले, आणि मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तो सत्तरीत.

इंदूरला परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. 'चाँद का मुँह टेढ़ा है' विकत आणून रोज चार पाने वाचू लागलो. पुष्कळ कळत नाही, पुन्हा वाचतो. आणि आठवड्यातून दोन दिवस धर्मादाय दवाखान्यात बसतो, तेथे डोकेदुखीच्या रुग्णाला तपासून झाले की त्याच्यासोबत आलेल्या माणसाकडे वळतो आणि विचारतो, "यांच्या स्वभावात काही फरक जाणवतो का?" मग पेन खाली ठेवून उत्तर ऐकतो.