पाठीवरच्या परावरील खुणा

श्वास घेण्यासाठी डॉल्फिन वर येतो, तेव्हा त्याच्या पाठीवरील त्रिकोणी पर क्षणभर दृष्टीस पडतो. या पराची मागची कड पातळ असते. आपसांतील झटापटी, शार्कचे दात किंवा मासेमारीची दोरी यांमुळे ती फाटते आणि पडलेल्या खाचा बहुधा आयुष्यभर टिकतात. अर्जेंटिनाच्या सान होसे आखातात बर्न्ड व मेलनी वुर्सिग या दांपत्याने केवळ अशा खुणांच्या छायाचित्रांवरून ५३ डॉल्फिन वेगवेगळे ओळखले. त्यांचा निबंध १९७७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्याला पकडून बिल्ला ठोकण्याची गरज त्यांना पडली नाही.

काम मात्र जमाखर्चासारखे काटेकोर. खाचांची खोली, त्यांतील अंतर जुन्या चित्रांशी ताडावे लागते. ओळख हुकली, तर एकच डॉल्फिन दोन खात्यांवर चढतो, संख्या फुगते आणि घटत चाललेला कळप सुस्थितीत असल्याचा भास होतो. नवी खाच पडली की पान दुरुस्त करायचे. पिलांची कड बहुधा कोरीच. आईच्या सोबतीवरूनच त्यांची नोंद घ्यायची.

फ्लोरिडातील सारासोटा उपसागरात १९७० पासून डॉल्फिनांचा अभ्यास चालू आहे. आरंभी तेथेही बिल्लेच लावीत. पुढे भर छायाचित्रांवर आला. तेथील निकलो या मादीने ४८व्या वर्षी पिलाला जन्म दिला. पासष्टी ओलांडल्यावरही ती त्याच पाण्यात दिसत होती.