उसापुढे वक्ता उभा करू नका

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात शेतकरी मेळाव्याचं लाइव्ह करायचं असेल, तर वक्त्याला उसाच्या फडापुढे उभं करू नका. फोटोत ते झकास दिसतं: मागे हिरवागार ऊस, पुढे फेटा बांधलेला पाहुणा. पण वारा सुटला, पाती सळसळायला लागली, की घरी मोबाइलवर बघणाऱ्याला पाहुण्याच्या चेहऱ्याच्या चौकटी चौकटी झालेल्या दिसतात. मग ‘कॅमेरा हलका आणला’ म्हणून शूटिंगवाल्याला बोल बसतो. कॅमेरा बिचारा चांगलाच असतो. चेहरा बिघडतो तो एन्कोडिंगमध्ये.

हिशेब मांडून बघू. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर सेकंदाला साधारण १,२४४ मेगाबिट माहिती तयार होते. यूट्यूबकडे आपण पाठवतो ती जेमतेम चार मेगाबिट. म्हणजे तीनशे भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे, तेही बघणाऱ्याच्या लक्षात न येता. काय टाकायचं हे ठरवण्याचं काम म्हणजे एन्कोडिंग.

पहिली काटछाट रंगात होते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांना मिळून एकच. एवढ्यानं निम्मा भार उतरतो. मग चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील गाळतात. यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत या कल्पनेसाठी निधी मागितला, तर ती फारच साधी म्हणून अर्ज नामंजूर झाला. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली. आज व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपासून क्रिकेटच्या लाइव्हपर्यंत त्याच गणिताचे अवतार चालतात.

खरी बचत मात्र काळात होते. दर वेळी अख्खं चित्र कोण पाठवणार? सातबाऱ्याचा पूर्ण उतारा एकदा द्यावा आणि नंतर फक्त फेरफार कळवावेत, तसं एन्कोडर करतो. दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र, ज्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं, कुठून कुठे गेलं, एवढंच. २००३ साली आलेलं एच.२६४ हे तंत्र आजही लाइव्हवाल्यांच्या लॅपटॉपवर बहुधा हेच काम करत असतं. कीर्तनकार बुवा जागेवर उभे आहेत, मागे एकरंगी पडदा आहे, तर फेरफार कितीसे? फक्त हात, ओठ आणि टाळकऱ्यांचे पाय.

उसाचं तसं नाही. प्रत्येक पात आपल्या मर्जीनं हलते, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. हजारो पाती, हजारो फेरफार. पण सेकंदाचा चार मेगाबिटचा कोटा ठरलेला आहे, तो वाढत नाही. मग एन्कोडर पात्यांवर खर्च करतो आणि चेहऱ्याच्या वाट्याचं कापतो. ऊस महत्त्वाचा की पाहुणा, हे त्याला कळत नाही.

गुलाल, भंडारा, फुलांची उधळण, पावसाची सर या सगळ्यांचं असंच. संत सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून निंबुत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे करत बारामतीकडे जाते. स्वागताला फुलं पडायला लागली की लाइव्ह नेमकं त्याच क्षणी फुटतं. बघणाऱ्यांना वाटतं, रेंज गेली. रेंजही जातेच म्हणा. एवढ्या गर्दीत एकाच टॉवरवर सगळ्यांचे फोन चालू असतात. पण रेंज पुरेपूर असली तरी उधळणीत चित्र मऊ पडणार. त्या वेळी कॅमेरा स्थिर ठेवणं आणि दृश्य थोडं लांबून घेणं, हाच उपाय. ड्रोनचा मोह तर आवरावाच. ड्रोन पुढे सरकला की अख्खं चित्र बदलतं, आणि खाली पुन्हा ऊस. ड्रोनचं चित्रण कार्डावर घ्यावं, नंतर सावकाश जोडावं.

काम देणारे कॅमेरे किती ते विचारतात, अपलोड किती ते कोणी विचारत नाही. मोबाइलवर स्पीड तपासताना सगळे डाउनलोडचा मोठा आकडा दाखवतात. लाइव्हला उपयोग दुसऱ्या, लहान आकड्याचा. तिथे सहा एमबीपीएस स्थिर मिळत असतील, तर तीनच पाठवावेत, निम्मे शिलकीला ठेवावेत. तीन तासांच्या कीर्तनाला या वेगानं साधारण चार जीबी डेटा जातो. म्हणजे डेटा फार लागत नाही, लागतो तो अखंड. आणि आवाज? तो या सगळ्या भाराच्या चार-पाच टक्केही नसतो. तरी ड्रोनला हजारो रुपये मोजणारे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घ्यायला विसरतात आणि कर्ण्याचा घुमणारा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेतात. चित्र मऊ पडलं तर लोक ऐकत राहतात. अभंग कळेना झाला की बंद करतात.

वेबिनारचं गणित वेगळं. यूट्यूबचं लाइव्ह काही सेकंदांचे तुकडे करून, दहा-वीस सेकंद उशिरानं पोचतं. हरवलेला तुकडा पुन्हा मागवायला तेवढी सवड असते. वेबिनारमध्ये प्रश्न विचारला की लगेच उत्तर हवं, तिथे अर्धा सेकंदही जास्त वाटतो. हरवलं ते हरवलं, पुढे चला. करोनाच्या काळात साखर कारखान्यांच्या वार्षिक सभासुद्धा ऑनलाइन झाल्या, तेव्हा ‘आवाज येतोय का?’ हेच सर्वाधिक विचारलं गेलं असावं.

शेतीच्या वेबिनारमध्ये एक बारीक अडचण आहे. नीरेपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र. त्यामुळे या पट्ट्यात पिकावर बोलणाऱ्या तज्ज्ञांची वाण नाही. समजा तज्ज्ञ उसावरचा तांबेरा दाखवतायत. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी बारीक फोड, हीच ओळखीची खूण. आणि एन्कोडर आधी काय टाकतो? रंग आणि बारीक तपशील! शेतकऱ्याच्या फोनवर पोचतं ते नुसतं पिवळट पान, जे पाण्याच्या ताणानंही होतं आणि खत कमी पडल्यानंही. अशा वेळी पान कॅमेऱ्यापुढे हलवून दाखवण्यात अर्थ नाही. स्थिर फोटो स्क्रीनवर शेअर करावा, पाच-दहा सेकंद तसाच ठेवावा, म्हणजे तपशील हळूहळू भरून येतो. त्याहून बरं, तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आधीच पाठवावा.

राहिलं बैलगाडा शर्यतींचं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर मैदानं पुन्हा भरली आणि गट, सेमी, फायनल सगळं यूट्यूबवर लाइव्ह दिसू लागलं. निकाल चुरशीचा झाला की प्रेक्षक मोबाइलवर लाइव्ह मागे ओढून ‘बघा, आमचाच पुढे’ म्हणून भांडतात. बैलजोडी ताशी ४५ किलोमीटरनं पळते असं धरलं, तर सेकंदाला साडेबारा मीटर. २५ चित्रांत भागा: दोन चित्रांच्या मध्ये अर्धा मीटर अंतर निघून जातं. बैलाचं तोंड रेषेला लागलं तो क्षण कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नसू शकतो. त्यात धूळ उडालेली, म्हणजे एन्कोडरनं तपशील पुसलेला. निकालाच्या रेषेवर वेगळा कॅमेरा हवा, रेषेच्या बरोबर सरळीत, धावेशी काटकोनात, सेकंदाला १०० चित्रं घेणारा आणि कार्डावर नोंदवणारा. वाद झाला तर पंचांनी ते कार्ड लॅपटॉपला लावावं. लाइव्ह फक्त बघायला ठेवावं.