लसीकरणाचा बुधवार

सकाळी ८. आइसपॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडलेत. लगेच कॅरिअरमध्ये घालायचे नाहीत. कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच. उन्हाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण पेंटाव्हॅलंटला गोठण्याचं भय जास्त. तिच्यात ॲल्युमिनिअमचा क्षार असतो, गोठला की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस कामातून जाते. २ ते ८ अंश सांभाळायचे.

१०. अंगणवाडी. आशाताई यादी घेऊन घरोघर फिरून आल्यात. लस उष्णतेने बिघडली नाही ना, म्हणून व्हायलवरच्या गोलातला चौकोन बघते. गोलापेक्षा फिका आहे, चालेल.

११. गर्दी. दहा आठवड्यांच्या नातवाला घेतलेल्या आजी अडून बसतात, "ताई, मागच्या खेपेला पोर रात्रभर तापलं. तेच इंजेक्शन परत कशाला?" रास्त आहे प्रश्न, आम्हीच घाईत उत्तर देत नाही. या पेंटाव्हॅलंट लसीत जिवंत जंतू एकही नाही. घटसर्प, धनुर्वाताचं तर नुसतं निकामी केलेलं विष. शरीर ते परकं म्हणून ओळखतं, प्रतिपिंडं बनवायला लागतं, त्या धावपळीत अंग तापतं. पहिल्या डोसाची प्रतिपिंडं थोडी आणि लवकर ओसरणारी. पण ओळख लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी मागे उरतात, पुढच्या डोसाला त्याच झपाट्याने कामाला लागतात. म्हणून ६, १० आणि १४ आठवडे.
"म्हंजे पाढे घोकून घेता," आजी म्हणतात आणि बाळाची डावी मांडी उघडी करतात.

१२.३०. गोवर-रुबेला, नऊ महिने पूर्ण झालेल्यांना. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असतात. लसीतल्या दुबळ्या विषाणूची बाळाशी गाठ पडण्याआधीच ती त्याला संपवू शकतात. पावडरीत द्रावण मिसळलं की व्हायलवर वेळ लिहायची. चार तासांनी उरलेली टाकायची. जीव हळहळतो, तरी एका बाळासाठीसुद्धा व्हायल फोडावी हा नियम मला पटतो. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब पुढच्या बुधवारी थोडंच भेटणार?

२. टोचलेल्यांना अर्धा तास बसवून ठेवायचं. क्वचितच, पण तीव्र ॲलर्जी उठलीच तर याच वेळात कळते. "घरी गेल्यावर हळद लावू नका, चोळू नका."

४. फोडलेल्या पेंटाव्हॅलंटवर तारीख आहे. थंड राहिली तर २८ दिवस चालेल. यादीतल्या तिघींची बाळं आली नाहीत. आशाताई म्हणतात, दोघी गावातच आहेत, एक कारखान्यावर गेली. तिला फोन लावते.
"बाळाचं कार्ड नेलंयस ना गं? तिथल्या नर्सताईंना दाखव, दुसरा डोस तिथंच मिळेल."