आईकडून येणारा मधुमेह
मधुमेह म्हटला की आपण साखरेला दोष देतो. काही घराण्यांत मात्र खोट तंतुकणिकांतच असते. स्वादुपिंडातील बीटा पेशीत साखर जळून ऊर्जावाहक एटीपी तयार होते. त्याने पेशीपटलावरील पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. एटीपीच अपुरे, तर रक्तात साखर वाढूनही पेशीला तिची वर्दी मिळत नाही! १९९२ मध्ये एका मोठ्या डच कुटुंबात तंतुकणिकांच्या डीएनएतील १६,५६९ अक्षरांपैकी ३२४३व्या जागचे एकच अक्षर बदललेले सापडले. तिथे मधुमेहासोबत बहिरेपणाही होता. कानातील पेशींनाही ऊर्जा फार लागते. तंतुकणिका आईच्या बीजांडातून येतात, म्हणून बाधित वडिलांची मुले यातून सुटतात. तेव्हा मधुमेही माणसाला ऐकूही कमी येत असेल, तर आजोळची चौकशी करावी, असे आम्ही म्हणू. निदान पक्के झाल्यास मेटफॉर्मिन सहसा टाळतात. रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते.