मोठं इंजिन की हलकं विमान?

रिमोटवर उडणारं कसरतीचं विमान नाक आभाळाकडे करून हवेत जागच्या जागी लटकलं, की बघणारा हमखास विचारतो, ‘इंजिन केवढं आहे?’ वजन केवढं आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

लटकलेल्या विमानाचे पंख जवळजवळ निकामी असतात. सगळा भार प्रोपेलरच्या ओढीवर. प्रोपेलर तोच ठेवून ५ किलोचं विमान ४ किलोवर आणलं, तर लटकत राहायला लागणारी शक्ती सुमारे २८ टक्क्यांनी उतरते. वजन घटलं २० टक्के, शक्तीची गरज त्याहून जास्त. कारण ही शक्ती वजनाच्या दीड घातानुसार बदलते. उलट मोठं इंजिन बसवलं, की त्याची थरथर सोसायला पुढची चौकट जाड लागते, इंधनाची टाकी मोठी लागते, चाकांचे पाय भक्कम लागतात. मिळालेली ताकद मग हाच भार उचलण्यात खर्च होते.

म्हणूनच बाल्सा. मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं हे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो भरतं. एकाच आकाराच्या दोन फळ्यांत दुपटीचा फरक निघू शकतो. त्यामुळे पट्टीचे बांधणारे दुकानातच फळ्या तोलून घेतात: घट्ट लाकूड पंखाच्या मुख्य दांड्याला, सर्वांत हलकं शेपटीला.

शेपटीतला ग्रॅम फार महागात पडतो. शेपूट गुरुत्वमध्यापासून ९० सेंटिमीटर मागे आणि नाकातली बॅटरी ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर मागे वाढलेले १० ग्रॅम तोलायला पुढे ३० ग्रॅम लागतात. शिवाय वळायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. जड शेपटीचं विमान गिरकी घ्यायला आळस करतं आणि घेतली की वेळेवर थांबत नाही. इथे कितीही ताकदीचं इंजिन कामाला येत नाही.

‘एफ३ए’ या जागतिक स्पर्धावर्गात विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा २ मीटरच्या आत ठेवावा लागतो, वजनावरही बंधन असतं. विजेवरच्या विमानात बॅटरीच साधारण सव्वा किलोची. तिच्यामुळे गुरुत्वमध्य मात्र उड्डाणभर हलत नाही. इंधन जळत जातं तसं टाकीचं वजन बदलतं, ती कटकट इथे नाही.

नवशिक्यांनी मोटर निवडण्याआधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा, आणि एपॉक्सी व रंगही त्यावर तोलून वापरावेत.