शेवटच्या डीपीपर्यंत

सकाळी ७.०० कळंबच्या शिवारात ११ केव्ही वाहिनीच्या टोकाला, शेवटच्या डीपीशी, म्हणजे रोहित्राशी, उभा आहे. शेतीची थ्री-फेज आत्ताच आली. "साहेब, सगळ्यांच्या मोटरी लागल्या की मग होल्टेज बघा," इथले शेतकरी आबा म्हणतात. पाऊण तासात मीटरवर दाब उतरलेला दिसतो. दाब १० टक्के घटला की मोटरचा जोर १९ टक्के घटतो; मग ती जादा प्रवाह ओढते, तापते आणि जळते. उसाचं पाणी खोळंबतं, ते वेगळंच.

सकाळी ९.३० उपकेंद्र. लॉगशीटवरून तासातासाचा भार उतरवून घेतो. या वाहिनीला सौर प्रकल्प कुठे आणि केवढा जोडायचा, ते ठरवायचंय. नीरेच्या पट्ट्याला छोटी वीजनिर्मिती नवी नाही. सोमेश्वर, माळेगावचे साखर कारखाने बगॅसवर वीज करतात, पण ती हंगामापुरती. सौर वीज बारमाही, मात्र दिवसापुरती. शेतकऱ्याला पाणी दिवसाच द्यायचं असतं, म्हणून तिचं मोल मोठं.

सकाळी ११.०० खरं काम आता. समजा वाहिनी ९ किलोमीटरची आहे आणि तिच्यावर ३ मेगावॉट भार सारखा पसरलाय. ३ मेगावॉटचा सौर प्रकल्प उपकेंद्राच्या बसबारला जोडला, तर वरच्या ३३ केव्ही लाइनचं ओझं हलकं होतं. आबांच्या डीपीपर्यंतच्या तारांत मात्र तोटा होता तेवढाच राहतो. तोच प्रकल्प अगदी टोकाला नेला, तर प्रवाह उलटा वाहतो आणि तोटा पुन्हा तेवढाच! पण २ मेगावॉट सहाव्या किलोमीटरला जोडले, तर भर उन्हात तोटा नवव्या हिश्शावर येतो. दोन-तृतीयांश क्षमता, दोन-तृतीयांश अंतरावर. गणित ढोबळ आहे, तारेची जाडी वाटेत बदलते. तरीही जागा चुकली तर जादा मेगावॉट कामाला येत नाहीत, हे त्यातून लख्ख दिसतं.

दुपारी २.३० जमीन. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात. बागायती रान कोण देईल? आणि कुणी द्यावं असं मलाही वाटत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जागा उपकेंद्राच्या जवळ शोधतात. जोडणीचा खर्च वाचतो, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. मी मात्र सहाव्या किलोमीटरच्या आसपासचं माळरान नकाशावर खुणावतो.

सायंकाळी ४.३० उलट बाजू तपासतो. पावसाळ्यात मोटरी बंद आणि मध्येच कडक ऊन पडलं, तर दाब चढतो. ११ केव्हीवर ६ टक्क्यांच्या वर जायला मुभा नाही.

लाइनमन विचारतो, "साहेब, इकडून बंद केली तरी तिकडून येणार नाही ना?" आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. पण खांबावर चढणाऱ्याने तेवढ्यावर विसंबू नये.

सायंकाळी ६.०० अहवालात लिहितो: सहावा किलोमीटर, २ मेगावॉट. जोडणीच्या खांबावर डोळ्यांना दिसेल असा, कुलूप लागणारा स्विच आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग. खर्चाच्या तक्त्यात ही ओळ सर्वात वर घेतली आहे.